बंड्याच्या पोटाखालचा टॉवेल

सकाळी अंगणात आमचा बंड्या चालतो आणि त्याच्या पोटाखाली टॉवेलची झोळी धरून माझा नवरा वाकून मागे मागे जातो. बंड्या म्हणजे आमचा लांबोडका, आखूड पायांचा कुत्रा. नसांवरचा दाब काढण्यासाठी त्याच्या मणक्याचं थोडं हाड काढलं आहे. तिथला आधार कमी झालाय, म्हणून सध्या उडी नको, जिना नको, पाठ पिळायला नको, असं डॉक्टरांनी बजावलंय.

"सावकाश बंडोपंत, घाई कसली?" नवरा म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी माझंही असंच ऑपरेशन झालं. सूचनाही जवळजवळ ह्याच होत्या. नवव्या दिवशी मी कणीक तिंबत होते. कुत्र्याचा हेवा करायचं माझं वय नाही, पण मी करते. हाड काढलं की तेवढा आधार बाहेरून द्यावा लागतो, हे कुत्र्याच्या बाबतीत सगळ्यांना पटतं. बाईने तो स्वतःच शोधायचा असतो. मी ओट्याची कड धरून उभी राहायचे.

"कंबर भरून आली गं," आज नवरा म्हणाला.

"वाकू नकोस. मोठा टॉवेल घे आणि ताठ चाल."

"तुला बरं सगळं माहीत!"

"माझ्या डॉक्टरांनी शिकवलं, कसं वाकायचं नाही ते. तू शेजारीच बसला होतास."

त्याने पाठ ताठ केली. तेवढ्यात बंड्याने मागचा डावा पाय पहिल्यांदाच नीट टेकवला आणि आम्ही दोघंही ओरडलो. मला मनापासून आनंद झाला. हेवा मात्र तसूभरही कमी झाला नाही.