परत द्यायची काचेची घंटा

घंटा दिसली की माणसाला ती वाजवावीशी का वाटते, हे मला आजवर समजलेलं नाही. सावेडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये कपाटभर घंटा आहेत. सगळ्या काचेच्या, बऱ्याचशा साहेबाच्या अमदानीतल्या. येणारा प्रत्येक माणूस चपला काढतो, पाणी पितो आणि सरळ कपाटाकडे जातो. देवळाच्या पायरीवर हात आपोआप वर जातो, तसा ह्यांचा हात दांड्याकडे जातो. "अहो, काच आहे ती," असं मी म्हणेपर्यंत टिणटिण होऊन गेलेली असते. एका पाहुण्यांनी तर वाजवून झाल्यावर डोळे मिटून नमस्कार केला. शेवटी मी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

ही शोभेची वस्तू आहे, हे सांगून सांगून मी थकलो. शोभेची घंटा म्हटल्यावर लोकांना ती बाजारातली फ्लॉवरपॉटशेजारची वाटते. मग ते माझ्यासाठी प्रेमाने घंटा आणतात. कुणी बैलाच्या गळ्यातली आणली, कुणी कुठल्याशा लग्नात वाटलेली, खाली वधूवरांची नावं छापलेली. नाही म्हटलं तर राग येतो. घेतली तर पुढच्या खेपेला ती कपाटात का दिसत नाही, याची चौकशी होते.

जुनी काच ओळखायला डोळ्यांपेक्षा बोट जास्त कामाला येतं. काठावरून नख फिरवायचं. यंत्राचा काठ गुळगुळीत लागतो, हाताने घासलेला किंचित अडखळतो. उजेडाकडे धरली की काचेत बारीक बुडबुडे दिसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दांडा. जुन्या कारागिरांनी घंटा आणि दांडा वेगवेगळे फुंकून मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसने जोडलेले असायचे. आतल्या लोलकाची तारही त्याच प्लास्टरमध्ये रोवलेली. हे सगळं मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्याच्या आवाजात सांगतो, आणि समोरचा माणूस विचारतो, "पण वाजते ना?"

पारनेरजवळच्या एका वस्तीवर अशी घंटा आहे, हे मला आमच्या शाळेतल्या जुन्या कारकुनाने सांगितलं. गेलो. तिथल्या एका म्हातारबाबांच्या घरात टीव्हीशेजारी, प्लॅस्टिकच्या गुलाबांच्या मागे ती होती. डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाची, काठाला पांढरी रेघ, पांढऱ्या काचेचा पिळाचा दांडा. दांड्याच्या बुडाशी लाल दोरा गुंडाळलेला आणि त्यावर कुंकवाचे थर, त्यामुळे जोड दिसेना. बाबांच्या बायकोची मावशी भिंगारच्या कॅम्पात एका साहेबाकडे स्वयंपाकाला होती, तिच्याकडून ती आलेली. म्हणजे घराणंही बरोबर होतं.

विकत द्या म्हणालो. ते मान हलवूनच नको म्हणाले. चारदा येऊन विचारलं, चारदा तेच. पाचव्या फेरीला मी वेगळा सूर लावला. तीन दिवस न्यायला द्या, भिंगाखाली बघतो, फोटो काढून पुण्याच्या एका जाणकाराला पाठवतो, तुमच्या घरात काय आहे ते तुम्हालाच कळेल. खरं सांगायचं तर तीन दिवस ती नसली की बाबांना तिच्याशिवाय राहायची सवय होईल, असा माझा डाव होता. याची मला आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

बाबांनी पुष्कळ वेळ विचार केला. मग कापसाचा बोळा घेतला, लोलक हलू नये असा आत दाबून बसवला आणि घंटा धोतराच्या फडक्यात गुंडाळली.

"वाजवू नका तेवढी," ते म्हणाले. "बाकी काय बगायचं ते बगा. पर हाय अशी मागारी आना."

मला भरून आलं. इतक्या वर्षांत घंटा वाजवू नका म्हणणारा पहिला माणूस भेटला होता. मी त्यांना शब्द दिला आणि भाळवणीमार्गे स्कूटर इतकी सावकाश आणली की मागचे टेम्पोवाले शिव्या देऊन गेले.

माझी थोरली बहीण माझ्याकडेच राहते. मी लग्न केलं नाही, आणि भावजी गेल्यावर ताई इथे आली. बाहेरून घरात आलेली कुठलीही जुनी वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय तिला चालत नाही. कुणाच्या घरची, कुणी हाताळलेली, काय सांगावं. आधीच्या घंटा मी दारातून थेट कुलपात नेल्या म्हणून वाचल्या. ही मात्र जेवणाच्या टेबलावर ठेवून मी फोटोसाठी पांढरा कागद आणायला गेलो. दोन तास लागले, कारण वाटेत मित्र भेटला आणि मी त्याला ह्याच घंटेबद्दल सांगत उभा राहिलो.

परत आलो तर घंटा बादलीत होती. ताईने कुंकू बघितलं आणि ही कुणाच्या तरी देवातली घंटा, असा निष्कर्ष काढला. दुसऱ्याच्या देवाची घंटा आपल्या जेवणाच्या टेबलावर कशी चालेल? मग कढत पाणी, मीठ आणि थोडी चिंच. घंटेची काच तळाशी आडवी पडली होती, दांडा बाजूला सुटा होता आणि पाणी दुधाळ झालं होतं.

"मी हातसुद्धा लावला नाही," ताई म्हणाली. "आपोआप निघाला. निघायचाच होता तो."

तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे प्लास्टरचे गणपती महिनोन् महिने विहिरीत जसेच्या तसे पडून असतात, आणि हे एवढंसं जुनं प्लास्टर दोन तासांत हात वर करून मोकळं झालं. आणि त्या संतापातही माझ्यातला नतद्रष्ट माणूस दुधाळ पाण्याकडे बघून मनात म्हणाला, अस्सल आहे. प्लास्टरचा जोड निघाला, म्हणजे अस्सल आहे. अस्सल असल्याचा पुरावा हाती आला आणि वस्तू हातातून गेली.

ताईशी मी दीड दिवस बोललो नाही. तिच्या ते उशिरा लक्षात आलं, त्यामुळे तोही राग वाया गेला.

नवं प्लास्टर कालवलं, तार रोवली, दांडा बसवला, एक रात्र सुकू दिलं. फोटो काढून पुण्याच्या जाणकाराला पाठवले आणि नवा लाल दोरा गुंडाळला. कुंकू मात्र लावलं नाही, तेवढी फसवणूक जमेना. चौथ्या दिवशी कापसाचा बोळा पुन्हा आत बसवून पारनेरला गेलो.

बाबांना सगळं सांगितलं. वाटेत ताईवर ढकलायची वाक्यं तयार केली होती, ती वापरली नाहीत. घंटा फार जुनी आणि खरी आहे, हेही सांगितलं. त्यांना त्यातलं काही महत्त्वाचं वाटलं नाही. त्यांनी बोळा बोटाने ओढून काढला, खाटेवर बसले आणि घंटा एकदा हलवली. मग पुन्हा एकदा.

"न्हाई," ते म्हणाले.

काय नाही, मी विचारलं.

"मंडळीला लकवा झाला, वाचा गेली. दोन वरीस ही हातात धरून हुती ती. म्या गोठ्यात असलो तरी ऐकू यायची. गेल्यापासनं वाजवली न्हाई. वाजवली आनि कोनी बोलावतच नसलं, तर कसं करायचं. पर आवाज आत हाय, एवढं ठावं हुतं." घंटेकडे बघत म्हणाले, "ह्यो तिचा न्हाई."

तार थोडी जास्त आत गेली असेल, मी म्हणालो. ती कमी-जास्त करता येते. आधी आवाज कसा होता, बारीक की भरीव?

"तुमी ऐकला न्हाई व्हय?"

"तुम्ही वाजवू नका म्हणालात."

"मंग आता कसं सांगू," बाबा म्हणाले. त्यांनी बोळा पुन्हा आत घातला नाही. घंटा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "राहू द्या तुमच्याकडं. तुमाला कपाटातच ठिवायचीय न्हवं."

ज्या घंटेसाठी पाच खेपा घातल्या ती अशी मिळाली. जाणकाराचं उत्तर नंतर आलं, फोटोवरून घंटा अस्सल दिसते म्हणून. मी ते कुणाला दाखवलं नाही.

कपाटाला आता कुलूप नसतं. ती घंटा मी आतापर्यंत तीनदा कढत पाण्यात घातली, दांडा काढला, तार थोडी वर घेतली, थोडी खाली घेतली आणि पुन्हा जोडली. ताईला दर वेळचा आवाज छानच वाटतो, तिला विचारून उपयोग नाही. प्लास्टर सुकलं की मी खिडकीशी उभा राहून घंटा वाजवतो, आणि बरोबर झाली की नाही हे मला कळत नाही.