मझार उना, तो आपला

‘मझार उना, तो आपला!’

प्रवेशाच्या दिवशी आमच्या आयटीआयच्या फाटकाशी उभं राहून अप्पा हे वाक्य म्हणायचे. मझार म्हणजे आत, उना म्हणजे आला. एक हात नव्या पोराच्या डोक्यावर, आणि दुसऱ्या हातानं खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा त्याच्या ओंजळीत. शेंगा घरच्या. तापीकाठची काळी जमीन, शेतात राबणारे दोन भाऊ, आणि हे तिसरे इथं वायरिंग शिकवणारे. पहाटे डोंगरातून निघालेलं, जीपच्या टपावर धूळ खात आलेलं पोरगं आधीच भेदरलेलं असायचं. कागद कुठं द्यायचे, चपला काढायच्या की नाही, काही कळत नसायचं. शेंगा मिळाल्या की ते आधी एक फोडून खायचं आणि मग आत यायचं.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगून आता काय करायचंय? आम्ही सगळे त्यांना अप्पाच म्हणायचो. असा एखादा अप्पा तुमच्याही नोकरीच्या ठिकाणी असेल, ज्याच्याकडे बघून आपण काम शिकतो.

मी वायरमन ट्रेडला निदेशक म्हणून लागले, तेव्हा बाई आणि वायरमन शिकवणार म्हणून निम्मी संस्था खिडकीत येऊन उभी होती. अप्पांनी माझ्या हातात पक्कड दिली आणि मोठ्यानं म्हणाले, “ताई, वायरले काय कळस, हात बाईना शे का माणूसना? झटका सारखाच बसस.” खिडकी रिकामी झाली. त्या दिवसापासून मी त्यांची माणूस झाले, अगदी डोळे मिटून.

त्यांची दुसरी सवय म्हणजे ‘अडाणी प्रश्न’. बैठकीत ते हात वर करून, “साहेब, एक अडाणी प्रश्न विचारू का?” म्हणाले की आमचे प्राचार्य घाम पुसायला लागायचे. एकदा जिल्ह्याच्या बैठकीत कुठल्याशा संस्थेचा शंभर टक्के निकाल लागला म्हणून टाळ्या चालल्या होत्या. अप्पा उठले.

“साहेब, अडाणी प्रश्न. शंभर टक्के कशाचे? परीक्षेला बसले त्यांचे, का प्रवेशाला आले त्यांचे?”

साहेब म्हणाले, “अर्थात बसले त्यांचे.”

“असं. आमच्या गावात एक बकऱ्या चारणारा होता, साहेब. सकाळी गावभरच्या बकऱ्या घेऊन जायचा. संध्याकाळी निम्म्याच आणायचा. विचारलं की म्हणायचा, ज्या परत आल्या, त्या सगळ्या परत आल्या!”

सभागृहात खसखस पिकली. शंभर टक्केवाल्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि उगीच बंद केली.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याकडून ते नीट समजावून घेतलं. नवी होते, मला खरंच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, “निकाल दोन तऱ्हेनं काढता येतो, ताई. परीक्षेला बसले त्यातले पास किती, हा एक. आणि पहिल्या दिवशी फाटकातून आत आले त्यातले पास होऊन बाहेर पडले किती, हा दुसरा. पहिला चांगला पाहिजे असेल तर शिकवायचीसुद्धा गरज नाही. कच्ची पोरं परीक्षेच्या आधी गाळली की झालं. दुसऱ्याला मात्र मेहनत लागते.” आणि मग शेंग फोडत म्हणाले, “आपण दुसरावाला काढतस.”

आमच्याकडे तो दुसरा निकाल काढणं म्हणजे काय, हे सपाटीवरच्या माणसाला सांगून कळणार नाही. दिवाळी झाली की डोंगरातले पाडे ओस पडतात. घरंच्या घरं गुजरातेत, बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. आमच्या वर्गातले बाक तसेच रिकामे होतात. माणसं होळीला घरी येतात, मग पुन्हा जातात. तेवढ्या दिवसांत पोरं गाठायची तर एकच जागा, मोलगीचा बाजार. मी आणि अप्पा जीपमध्ये कोंबून घेऊन देवगोईचा घाट चढायचो. अप्पा जीप थांबतात तिथल्या चहाच्या टपरीवर बसायचे आणि भगर, आमचूर, मिरच्या घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, “पाडा कोणता?” पाडा जुळला की निरोप द्यायचा. “त्याला सांग, सर टपरीवर बसलेत. तो आल्याशिवाय उठणार नाहीत.” आणि खरंच उठायचे नाहीत हो! एकदा तर टपरीवाल्यानं वैतागून दुकानाची एक फळी त्यांच्यासमोरच लावून घेतली. पोरगं मात्र आलं.

रमिला अशीच सापडली.

माझ्या ट्रेडची ती पहिली पोरगी. अंगानं काडी, पण हात असा स्थिर की बोर्डाची जोडणी केली की मी नुसती बघत बसायचे. टेस्टर ओढणीच्या टोकाला बांधून ठेवायची, हरवू नये म्हणून. दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. आई तापानं पडली होती, तर बापाच्या जोडीला ही गेली. होळीच्या बाजारात ती बापामागे उभी दिसली. तळहाताला फोड, आणि ओढणीच्या टोकाला टेस्टर तसाच बांधलेला.

बाप म्हणाला, “पोरगी दिली तर कोयता कसा चालेल? बायको अजून उभी राहत नाही.”

अप्पा बाकावरून उठले. त्या माणसाचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. “हजेरी कमी पडली आहे तिची. जादा तास घेऊन भरून काढू. परीक्षेला मी बसवतो. माझा शब्द.”

बापानं पोरीचं गाठोडं आमच्या जीपमध्ये ठेवलं. होळी झाल्यावर तो बारडोलीला परत गेला तो ताप न उतरलेल्या बायकोला घेऊन. तेव्हा अप्पांच्या शब्दाची किंमत ही होती, एवढं तुम्ही ध्यानात ठेवा.

त्या उन्हाळ्यात अप्पांनी आणि मी मिळून तिचे जादा तास घेतले. अप्पा मुद्दाम फ्यूज उडवून ठेवायचे आणि म्हणायचे, “अडाणी प्रश्न, रमिला. दिवा का लागी नही ऱ्हायना?” ती हसायची, ओढणीचं टोक सोडायची आणि दोष शोधून काढायची. आमचे प्राचार्य त्याच सुमारास निवृत्त झाले आणि खुर्चीवर अप्पा बसले, प्रभारी म्हणून. अख्ख्या संस्थेत पेढे मीच वाटले. आता काय, खुर्चीवर आपला माणूस!

मग ती प्रतवारी आली. वरून सगळ्या संस्थांना श्रेणी लावणार, आणि सगळ्यात जास्त वजन निकालाला. निकाल कुठला? तोच. बसले त्यातले पास किती. श्रेणी घसरली तर तुकडी बंद. संस्थाचालक मंडळाच्या अध्यक्षांची गाडी आवारात वरचेवर दिसू लागली. केबिनचं दार, जे अप्पांनी पहिल्याच दिवशी वीट लावून उघडं ठेवलं होतं, ते बंद राहू लागलं. मी म्हटलं, चालायचंच, खुर्ची आहे. माझ्या मनात पाल चुकचुकलीसुद्धा नाही. कशी चुकचुकणार? हा माणूस आम्हाला बकऱ्यांची गोष्ट सांगणारा!

हॉलतिकिटं वाटली त्या दिवशी रमिला रांगेत शेवटी होती. गठ्ठा संपला आणि ती तशीच उभी. तिच्याबरोबर डोंगरातली आणखी काही पोरं. ती मला म्हणाली, “मॅडम, सर माझं विसरले असतील. कामं फार आहेत त्यांना.”

मी केबिनमध्ये गेले. अप्पा शेंगा सोलत बसले होते. टरफलं नीट एका बाजूला.

“अप्पा, रमिलाचं हॉलतिकीट राहिलंय.”

“ऱ्हायनं नही, ताई. नावच धाडं नही.”

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसलेसुद्धा. ते हसले नाहीत.

“हजेरी कमी व्हती,” ते म्हणाले.

“आपण भरून काढली ना! तुम्ही स्वतः तास घेतलेत.”

“लेखीत कच्ची शे ती. हात चांगला शे, पण लेखीत गेली असती. अशी जी जी होती, ती सगळी थांबवली.”

“आणि शब्द? तिच्या बापाला दिलेला?”

तेव्हा त्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. थकवा होता नुसता. “बोलाले सोपं व्हतं, ताई. आते खुर्चीवर मी बठेल शे. निकाल पडला असता तर पहिली तुन्ही तुकडी गेली असती. तुन्ही नोकरी वाचनी ना?”

तुम्हीच सांगा, काय बोलायचं याच्यावर? माझी नोकरी वाचवायला मी त्यांना सांगितलं होतं का? आणि ती माझ्यासाठी वाचवली, की प्रभारीचं ‘प्रभारी’ पुसायला हवं होतं म्हणून, हे मला आजही माहीत नाही. बहुधा त्यांनाही नसेल. एवढं कळलं, की कुंपणानंच शेत खाल्लं. मी म्हणाले, “अप्पा, ज्या परत आल्या त्या सगळ्या परत आल्या, असंच ना?” त्यांनी एक शेंग उचलली आणि न फोडता परत ठेवली. मी अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, तुमच्या प्राचार्यांचा निर्णय आहे. मी वर तक्रार केली. उत्तर आलं, नियमानुसार आहे. होतंच मुळी नियमानुसार! हजेरी माफ करायची की नाही, ते प्राचार्यांच्या हातात.

रमिलाला मीच सांगितलं. ती रडली नाही. वर्कशॉपमध्ये जाऊन तिनं आपल्या वाट्याची पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर फडक्यानं पुसून जागेवर लावले. टेस्टरची गाठ तिला सुटेना, मग दातांनी सोडली आणि टेस्टर माझ्या टेबलावर ठेवला. पुढल्या हंगामाआधी तिचं लग्न झालं. आता तिचा स्वतःचा कोयता आहे.

निकाल शंभर टक्के लागला. स्टँडवर अप्पांचा हात जोडलेला बॅनर लागला, मंडळानं सत्कार ठेवला. वायरमन ट्रेडचाही निकाल शंभर टक्के, म्हणून मलाही व्यासपीठावर बोलावलं. शाल माझ्या खांद्यावर घातली ती अप्पांनीच. त्या वेळी ते काहीतरी पुटपुटले, मी ऐकून घेतलं नाही. नारळ मी आमच्या शिपायाच्या घरी देऊन टाकला. त्याच्या बायकोनं चटणी केली. फार छान झाली होती म्हणे.

अप्पा पूर्ण प्राचार्य झाले आणि त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. आता नाशिकला मुलाकडे असतात. अधूनमधून फोन येतो. “ताई, राग शे का अजून?” मी म्हणते, “आहे.” मग ते विचारतात, पाऊस कसा आहे, भुईमूग कसा आहे. मी सांगते. काय करू? ज्यांच्याकडून पक्कड धरायला शिकले, त्यांचा फोन कापता येत नाही. आणि माफही करता येत नाही. परका माणूस असता तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण आजही बैठकीत कुणी शंभर टक्के म्हटलं की माझ्या तोंडून त्यांचाच प्रश्न निघतो, ‘कशाचे?’ आणि मग माझा मलाच संताप येतो.

यंदा प्रवेशाच्या दिवशी मी फाटकाशी उभी होते. तिथं आता कुणी उभं राहत नाही. मीही सावलीसाठीच थांबले होते. समोर एक माणूस येऊन उभा राहिला, बरोबर चौदा-पंधराची पोरगी. मी ओळखलं. रमिलाचा बाप.

“मॅडम, ते शेंगावाले सर?”

“नाहीत आता. गेले नाशिकला.”

तो जरा हिरमुसला. मग पोरीला पुढे करत म्हणाला, “ही धाकटी. मोठी नापास झाली. ही होईल पास, हिचं डोकं चांगलं आहे.”

मला राहवेना. “दादा, रमिला नापास झाली नाही.”

त्याचा चेहरा उजळला. “मग पास?”

“नाही. पासपण नाही.”

“मग?”

मी त्याला काय सांगणार होते? की निकाल काढायच्या आधीच तुझ्या पोरीला मोजणीतून काढलं, म्हणून पासात ती नाही आणि नापासातही नाही? की शंभर टक्के झाले ते तिला वगळून? त्यानं पुन्हा विचारलं, अगदी सरळपणानं, “मग ती कशात आहे, मॅडम?”

मी धाकटीचे कागद बघायला मागितले. आपल्यालाच काही समजलं नसेल अशी मान हलवून त्यानं ते पुढे केले.

धाकटी मात्र फाटकाच्या आत एक पाऊल टाकून थांबली होती. मान खाली घालून, डोकं किंचित पुढे करून. मला आधी कळेचना, ही अशी का उभी आहे. मग कळलं. घरी मोठ्या बहिणीनं सांगितलं असणार, आत गेलं की तिथं डोक्यावर हात ठेवतात आणि एक वाक्य म्हणतात.

ती वाट बघत राहिली. मी हात ठेवला. वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं, पण म्हणता आलं नाही.