मनालीचा अर्धा खेळ

शहापूरचा अश्वजित भंडाऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हात चांगला, तोंड फटकळ. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की पहिला प्रश्न, दुसरी प्रत काढून ठेवली का? नाही म्हटलं की गिऱ्हाइकानं आपल्याच घराला काडी लावल्यासारखा त्याच्याकडे बघणार. आणि याच माणसाच्या हातून ते घडलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, ते काही उगीच नाही.

मनाली त्याची धाकटी बहीण. तिला सिकलसेल, अंगात रक्त टिकू न देणारा आजार. हाडं ठणकायला लागली की आठ-आठ दिवस खाटेवर, आणि बरं असलं तरी चार पायऱ्यांत दम. तिच्यासाठी अश्वजितनं २००२ साली मोडीतले भाग जुळवून एक कॉम्प्युटर उभा केला. मासिकासोबत आलेल्या सीडीत एक जुना खेळ निघाला. जादूची कांडी घेऊन राक्षसांच्या किल्ल्यातून वाट काढायची. खेळणाऱ्याचा चेहरा कुठंच नाही, समोर दिसतो तो फक्त कांडी धरलेला हात. बंदुकांचे खेळ तेव्हाही ढिगानं होते, पण यात पंख मिळायचे. जिना न चढणारी पोर त्यात उडायची. पहिला भाग फुकट आणि पुढचे विकत, अशी बनवणाऱ्यांची युक्ती होती. मनालीला पहिलाच पुरला.

आई, निर्मलाबाई, शेजारी बसून तांदूळ निवडता निवडता बघायची. पडद्याच्या खाली एक आकडा असे, मार बसला की तो घटे. हा काय म्हणून तिनं विचारलं, तेव्हा अश्वजितनं सरळ रक्त म्हणून सांगून टाकलं. आईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण लेकीच्या दवाखान्याच्या कागदांवरून आकडे शिकली होती. रक्ताचा आकडा तर तिला झोपेतही वाचता आला असता.

२००४ साली धानाची रोपं लावायचा रोवणा सुरू असताना मनाली पहिल्या भागाच्या शेवटच्या दाराशी पोचली. आकडा होता सात. थकली, म्हणून खेळ तिथंच जतन करून ठेवला आणि जतन केलेल्या खेळांच्या यादीतल्या त्या ओळीला नाव दिलं, 'उद्या'. चौथ्या दिवशी ती गेली. घरच्या शेतातली अर्धी बांधी रोवायची राहिली होती, ती वस्तीतल्या बायांनी मजुरी न घेता पुरी केली. मयत झालेल्या घरचा रोवणा अर्धा ठेवत नाहीत.

पुढं मशिनी बदलत गेल्या. बनवणाऱ्यांनी त्या खेळाचं आतलं सगळं लिखाण जगाला खुलं करून टाकलं होतं, म्हणून कुठकुठल्या हौशी लोकांनी तो नव्या मशिनींवरही चालता ठेवला. अश्वजितनं बहिणीची ती ओळ दरवेळी सोबत नेली. दिवेलागणीला तो 'उद्या' उघडायचा, आणि दारापुढं थांबलेला तो हात मायलेक बघत बसायचे. एकही कळ दाबायची नाही. अशी सात वर्षं गेली.

मग एकदा दुसऱ्याच्या बांधीत रोवून आलेली आई पाय धुता धुता म्हणाली, "तिचं अर्धं कायले ठेवतं रे? पुरं करून दे."

अश्वजितला ते पटलं. त्यानं दार ओलांडलं, तिच्या त्या सात रक्तावर तीन दिवस राक्षसांशी झुंजला. या खेळात घडोघडी मरण येतं, म्हणून खेळणारा घडोघडी जतन करतो. त्याची बोटंही सवयीनं तेच करत होती, आणि उघडलेल्या ओळीवरच करत होती. खेळ संपला. आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, आता आपली मनाली दाखव.

त्यानं 'उद्या' उघडलं. आत मेलेले राक्षस आणि रिकामी खोली; बहिणीचं पुसून त्या ओळीवर त्याचंच जतन चढलं होतं. दुसरी प्रत त्यानं कधी काढलीच नव्हती. तो लहान पोरासारखा रडला असता, पण आई शेजारी होती. मशीन बिघडलं असं सांगून त्यानं वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. खेळ पहिल्यापासून खेळत त्याच दाराशी आला, तिच्यासारखाच उभा राहिला, ओळीला तेच नाव दिलं. संध्याकाळी आईला बोलावलं.

निर्मलाबाई बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पडद्याच्या खालच्या आकड्यावर बोट ठेवलं. अश्वजित मुरलेला गडी, त्याला वाटेत ओरखडाही आला नव्हता. तिथं शंभर होते.

"हे ते नोहे, अश्व्या," ती म्हणाली. "माह्या पोरीच्या अंगात येवढं रगत कधी होतं?"

आणि तांदळाचं सूप उचलून ती आत गेली.