सरांच्या चुकांची बदली

मुलाणीसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत पिशवी धरून उभा होतो. त्यांची मुलगी शबाना एवढंच म्हणाली, "काका, अब्बा पहाटे झोपेतच गेले..." भाजीवाला काय हवं ते विचारत होता आणि मी रिकामी पिशवी घेऊन तसाच घरी परतलो.

सरांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या छोट्याशा त्रैमासिकाची मुद्रितं ते तपासायचे, लेखही लिहायचे. अक्षरजुळणी माझ्याकडे. ते स्वतः टाइप करून पाठवायचे, पण त्यात कधी साधी वेलांटी चुकलेली नसायची. दुसऱ्यांच्या चुकांवर मात्र समासात शेरा ठरलेला. एकदा लिहिलं होतं, "अनुस्वार लेखकाच्या घरीच राहिलेला दिसतो. पाठवून द्यावा."

गेल्या वर्षी शबानाने त्यांना नवा लॅपटॉप घेऊन दिला. त्यावरून आलेल्या पहिल्याच लेखात 'आआहे', 'ममी', 'पुणणे'... जागोजाग अक्षरं दुप्पट. बैठकीत एकाने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "सर, डुलकी लागली होती का?" सगळे हसले. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. पुढच्या बैठकीला ते आले नाहीत. डोळे साथ देत नाहीत, असा निरोप आला.

मी कोथरूडला त्यांच्या घरी गेलो. शबाना चहा ठेवून आत गेली, तेव्हा सर म्हणाले, "दार लावता का जरा?" मग त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती. ती थांबवायला त्यांनी वर डावा हात ठेवला, तर तोही...

"बरेच दिवस झाले. एक कळ दोनदा दाबली जाते," ते म्हणाले. "जुन्या कंप्युटरला शिकवून ठेवलं होतं. चूक झाली की ती ऑटोकरेक्टमध्ये घालायची, पुढच्या वेळी तो आपण होऊन दुरुस्त करायचा. या नव्याला काहीच माहीत नाही हो. आणि शबानाला बोलू नका. तिने हौसेनं आणलाय."

जन्मभर इतरांच्या चुका काढलेला माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. मी जुना कंप्युटर सुरू केला, ऑटोकरेक्टची फाइल शोधून पेनड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉपमध्ये योग्य जागी ठेवली. सरांनी टाइप केलं. 'आआहे' उमटलं आणि स्पेस दाबताच 'आहे' झालं. "ओळखलं मला," ते म्हणाले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

शोकसभेत जो तो सांगत होता, शेवटपर्यंत सरांचं लिखाण कसं निर्दोष होतं! आमच्यासारख्यांपासून त्यांना आपले हात लपवावे लागले, याची मला लाज वाटत होती. अजून वाटते.

परवा शबानाकडे गेलो. न राहवून सगळं सांगितलं, लिहू का म्हणून विचारलं.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "मी खोलीबाहेर जाईपर्यंत ते कप उचलायचे नाहीत. मग मीही लगेच निघून जायची... लिहा तुम्ही."

थोड्या वेळाने तिने आपला ऑफिसचा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "अब्बांचं ते ऑटोकरेक्ट यात घालून द्याल?"

"तुझ्या कुठे अशा चुका होतात?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

"होत नाहीत," ती म्हणाली. "पण असू दे."