चंद्रीसाठीची प्रार्थना

ज्या वर्षी आई मला ओळखेनाशा झाल्या, त्या वर्षी माझं आणि देवाचं बोलणं जेमतेमच चालू होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मला माहेरी आई नव्हती, त्यामुळे हा शब्द मनापासून पहिल्यांदा वापरला तो त्यांच्यासाठीच. भाकरी थापायला त्यांनीच शिकवली, माझ्या लेकीच्या, सलोमीच्या वेळचं बाळंतपण त्यांनीच केलं. आणि आता त्याच आई, मी सकाळी चहाचा कप पुढे केला की अदबीने विचारायच्या, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की हे विसरणं वाढतच जाणार. चर्चच्या मंडळीतल्या बायका घरी येऊन प्रार्थना करून जायच्या. मी आमेन म्हणायचे, पण मनात म्हणायचे, प्रभू, जिने जन्मभर तुझं नाव घेतलं तिच्याच डोक्यातून सगळी नावं पुसायची तुला काय गरज पडली होती?

एक गोष्ट तेवढी शाबूत होती, ती म्हणजे जेवणाआधीची प्रार्थना. ताट पुढे आलं की आई डोक्यावर पदर घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि स्वर्गीय बापाशी बोलायला बसायच्या. आमटी गार व्हायची, सलोमी एका डोळ्याने पापडाकडे बघत राहायची. आई मात्र निवांत. मुलाचं नाव, नातीचं नाव, माझं नाव, चर्चच्या पाळकसाहेबांचा दमा, वरच्या मजल्यावरच्या काकांचा गुडघा, आणि सगळ्यात शेवटी चंद्री. "प्रभू, त्या मुक्या जिवाला बरं कर. तुला काय अवघड आहे?"

चंद्री ही म्हैस. आमचे दूधवाले बाळारामदादा सुकापूरचे. आईंचं विसरणं नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा एकदा ते दारात रडकुंडीला येऊन म्हणाले होते, "आजी, चंद्री चारा खात नाय." आईंनी त्याच दुपारपासून तिला प्रार्थनेत घेतलं. चंद्री आठवडाभरात उठली, दूध देऊ लागली, पुढे तिला रेडकूही झालं. आम्ही किती वेळा सांगितलं, "आई, चंद्री ठणठणीत आहे." त्या आनंदाने म्हणायच्या, "स्तुती असो प्रभूची!" आणि पुढच्या जेवणाला चंद्री पुन्हा आजारी. आम्ही हसायचो. हे म्हणायचे, "त्या म्हशीइतकी काळजी देवाला पनवेलमध्ये दुसऱ्या कुणाची करावी लागत नसेल." मीही हसायचे, पण आतून वाटायचं, हे सगळं नुसतं पाठ झालंय. माझं नाव ओठावर आहे, आणि समोर बसलेली मी परकी.

त्या शनिवारी सकाळी मी गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेले. दाराला बाहेरून कडी घातली असं मला वाटलं होतं. खाली आले तर दार उघडं आणि आईंचा पलंग रिकामा. शेजारच्या वहिनींच्या सांगण्यावरून आम्ही त्यांच्या पदराला फोन नंबरची चिठ्ठी टाचून ठेवायचो. ती चिठ्ठी टेबलावर कपाखाली नीट दाबून ठेवलेली होती, आणि पिन बहुतेक पोलक्याला लावून त्या निघून गेल्या होत्या. त्यांना पिन वाया घालवायला कधीच आवडायचं नाही.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. हे तळोज्याहून कामावरून धावत आले. पाळकसाहेब स्कूटर घेऊन स्टेशनकडे गेले, मंडळीतली तरुण मुलं हायवेच्या दोन्ही बाजूंना पांगली. पोलीस चौकीत वर्णन सांगताना मी "हिरवं लुगडं" म्हणाले, आणि मग खात्रीच वाटेना की हिरवं होतं की निळं. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला भरधाव ट्रक, आणि मध्ये कुठेतरी आमची म्हातारी, स्वतःचं नावही न सांगता येणारी. दुपार झाली तरी पत्ता नाही. वहिनींनी मला बळेच घरी आणून बसवलं, कुणाचा फोन आला तर घरी कुणीतरी हवं म्हणून.

मी स्वयंपाकघरात गेले. आईंचं ताट ओट्यावर तसंच पालथं होतं. गुडघे टेकले, पण एरवी जी सुबक वाक्यं येतात त्यातलं एकही आलं नाही. इतके दिवस देवावर धरलेला राग होता, तोही आला नाही. मी एवढंच म्हणाले, "बापा, माझ्याकडून सांभाळणं झालं नाही. त्या आधीपासून तुझ्याच आहेत. तूच बघ." म्हटलं आणि तिथेच ओट्याला टेकून पोटभर रडले. रडून झाल्यावर धीर आला, असं मी म्हणणार नाही. फक्त हात रिकामे झाल्यासारखे वाटले.

फोन वाजला तो बाळारामदादांचा. मला वाटलं उद्याच्या दुधाचं काही असेल. "वैनी, तुमची आजी हरवली काय? घाबरू नका. आजी नेऱ्याला हाय, माज्या सासूच्या घरी."

आम्ही रिक्षाने नेऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा मला काहीच समजत नव्हतं. पनवेलहून तिकडे सिक्स सीटर रिक्षा जातात, त्यात कुणीतरी आईंना हात देऊन बसवलं असावं, आणि चार बाया उतरल्या तिथे त्याही उतरल्या असाव्यात. ते आम्हाला आजवर नक्की कळलेलं नाही. गावाच्या कडेला शेणाने सारवलेलं अंगण होतं. त्यात खाटेवर आई बसल्या होत्या, पाय धुतलेले, केस विंचरलेले, पाहुणीसारख्या. लुगडं निळं होतं. मी त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि घरच्या बाईला हळूच विचारलं, "ही का रडतीय?"

घरची बाई म्हणजे हिराबाई, बाळारामदादांच्या सासूबाई. हात पदराला पुसत त्या सांगू लागल्या, "आगो, भर उन्हाची दारच्या वडाखाली बसलेली. मी विचारला, आये तुजा नाव काय, गाव काय? काय बोलत नाय, नुसती हसते. मी बोलली, उपाशी हाय बिचारी, आधी जेवाला तरी घालू. ताट दिला तं ही डोले मिटून बसली. मला वाटला चक्कर आली. तं ही देवाशी बोलते! कोनकोनाची नावा घेतली, मला काय एक पन ओलखीचा नाय. आनि मंग बोलली, माज्या चंद्रीला बरी कर. बालारामाच्या चंद्रीला बरी कर." हिराबाईंनी कपाळावर हात मारला. "चंद्री म्हंजे आमचीच म्हस! माज्या लेकीला लगनात मीच दिली. मी तशीच उठली आनि जावयाला फोन लावला. बोलली, तुज्या म्हशीसाठी कोन म्हातारी देवाकरं रडते, ये बघाला."

मी खाटेच्या कडेला बसून राहिले. चंद्री केव्हाच बरी झाली होती. आईंना ते लक्षात राहिलं असतं, तर ते नाव त्या दिवशी त्यांच्या ओठांवर आलंच नसतं. ज्या विसरण्याबद्दल मी वर्षभर देवाला जाब विचारत होते, त्याच विसरण्याचा हात धरून तो त्यांना घरी घेऊन आला होता. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. नेऱ्यात घरं पुष्कळ आहेत. आई त्या घरापाशी बसल्या, एवढंच मला माहीत आहे.

हिराबाईंनी आम्हालाही जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. आईंचं जेवण झालेलं होतं, पण ताट दिसताच पदर डोक्यावर गेला. आमच्याआधीच येऊन पोचलेल्या बाळारामदादांनीही टोपी काढून हातात घेतली. नेहमीची नावं झाली, माझंही झालं, चंद्री आली. मी आमेन म्हणायला तोंड उघडलं, तर आई थांबल्या नव्हत्या. "आणि प्रभू, या भाकरीवालीला सुखी ठेव. हिचं घर भरलेलं ठेव." हिराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग आईंनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

एरवी हा प्रश्न आला की मी तोंड फिरवायचे. त्या दिवशी मला हसूच आलं. मी म्हटलं, "तुमच्याकडचीच, आई."

"मग जेव पोटभर," त्या म्हणाल्या.

त्यानंतर आई आणखी काही वर्षं आमच्यात होत्या. नवीन काहीच त्यांच्या लक्षात राहत नव्हतं, नवे पाळकसाहेब आले तेही नाही. पण त्या दिवसापासून प्रत्येक जेवणाला चंद्रीनंतर भाकरीवाली येत राहिली, शेवटच्या घासापर्यंत. तेव्हा मला कळलं की हे पाठ झालेलं कधीच नव्हतं. आईंच्या हातून आम्ही सगळे निसटलो होतो, पण त्यांनी आम्हाला ज्याच्या हाती दिलं होतं तिथून कुणी निसटलं नव्हतं, मीही नाही. माझी सगळी श्रद्धा आज एवढ्याच आधारावर उभी आहे, आणि मला ती पुरते. त्याच्या दयेचे उपकार मी कोणत्या तोंडाने मानू, मला समजत नाही, म्हणून जेवायला बसले की मानते.

आता आमच्या घरी प्रार्थना मी करते. मुलाबाळांची नावं होतात, आजाऱ्यांची होतात, नेऱ्याच्या भाकरीवालीचं होतं. चंद्री म्हातारी होऊन गेली, तिची नात आता बाळारामदादांच्या गोठ्यात आहे. तिचंही नाव घेते. सलोमीचा नवरा घरात नवीन आहे, तो एका डोळ्याने पापडाकडे बघत राहतो. आमटी गार होते.