हेलिकॉप्टर माझं, हात आप्पांचा

मोटर रिवाइंडिंगचं दुकान कितीही झाडा, तांब्याच्या तारेचे बारके तुकडे निघतच राहतात. कपाटाखालून निघतात, पदरातून निघतात, एकदा तर पोळ्यांच्या डब्यातून निघाला. आमच्या हेलिकॉप्टरवाल्यांचे किस्सेही तसेच. मी काही ते जमवायला बसले नव्हते. बसल्या जागी साठले!

हेलिकॉप्टर म्हणजे माणसं बसतात ते नव्हे. हातभर लांबीचं, रिमोटवर उडणारं. पण त्याला खेळणं म्हणणार असाल तर माझ्या दुकानाची पायरी चढू नका. त्याला मोटर आहे, गिअर आहे, तोल सांभाळणारा जायरो आहे, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त अक्कल आहे.

आम्ही चौघं, सगळे लातूरचे. किराण्याचे ठोक व्यापारी शिवराज आप्पा. बारा महिने पांढरे कपडे, कपाळाला विभूती. टीव्ही दुरुस्तीवाले बशीरभाई. गंगाधर मूळचा हदगावचा, यष्टीत ड्रायव्हर, बदली होऊन इकडं आलेला. आणि मी. मला सगळे अक्का म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. मोटरीचं काम मी जळालेल्या मोटरी उकलून उकलून शिकले, कुणाच्या पाया पडून नाही. आमचे मालक वारले तेव्हा "आता दुकान बंद होणार" म्हणणारे बरेच होते. पुढं त्यांच्याच बोअरच्या मोटरी माझ्याकडं आल्या.

तर ह्या चौघांत ट्यूनिंग माझं, ह्यावर वाद नव्हता. वाद होता उडवण्यावर. सत्तरी ओलांडल्यापासून माझा हात थोडा थरथरतो. आम्ही आम्हीच असलो की माझं हेलिकॉप्टर मी उडवायची. पण बघायला चार परकी माणसं आली, की आप्पा पुढं व्हायचे.

"अक्का, द्या इकडं. चारचौघांत उगं नको."

की गेला रिमोट! बाकीचं मी सगळं हसून घालवलं असतं. हे मात्र लई लागायचं.

* * *

सुरुवात बशीरभाईंनी केली. एक दिवस त्यांनी काडेपेटीत मावेल एवढी हेलिकॉप्टरची जळकी मोटर माझ्यापुढं ठेवली.

"अक्का, इतकी बारीक मोटर गुंडाळून होईल का?"

"मोटर ती मोटर. हत्तीची आणा नाहीतर मुंगीची."

आतली तार केसासारखी होती आणि वेढे भरमसाट. मी जाड तार घेतली, वेढे कमी केले. अशानं ही जास्त पळेल असं मला उकलतानाच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मैदानावर बशीरभाईंनी रिमोटची काडी नखभर वर केली, आणि हेलिकॉप्टर औशाच्या दिशेनं जे सुटलं, ते बघता बघता ठिपका झालं.

बशीरभाई ओरडले, "अक्का, ये बोअर का पंप नहीं है!"

"मग काय झालं? काम एकच. खालचं वर न्यायचं."

"वर तर गेलं! खाली कोण आणणार?"

तुरीच्या रानात सापडलं. मोटर एकदम शाबूत होती. बाकी काही नव्हतं!

* * *

गंगाधर सुट्टीच्या दिवशी लातूरजवळच्या मुरुडला निघाला होता. तिथल्या एका दुकानदाराला हेलिकॉप्टर दाखवायचं होतं. दिवसभर यष्टी चालवणारा माणूस त्या दिवशी प्रवासी होऊन बसला, मांडीवर हेलिकॉप्टर. दोन्ही पाती दुमडून, वर टॉवेल.

शेजारी पटकेवाले एक म्हातारबा. थोडा वेळ त्यांनी टॉवेलकडं पाहिलं, मग राहवेना.

"काय न्यायलाव?"

गंगाधरनं ऐटीत टॉवेल बाजूला केला. "हेलिकॉप्टर हाय, बाबा."

"उडतं का?"

"तर! लई उंच."

म्हातारबांनी हेलिकॉप्टरकडं पाहिलं, गंगाधरकडं पाहिलं, खिडकीबाहेरच्या खड्ड्यांकडं पाहिलं.

"मग यष्टीनं का चाललाव?"

* * *

ते साल दुष्काळाचं. नळाला पाणी कधी येईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. तेव्हा आमच्यात एक कायदा झाला: ज्याचं हेलिकॉप्टर पडेल, त्यानं पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी पिण्याच्या पाण्याचा जार आणायचा. आप्पांचं सगळ्यात जास्त पडायचं. महागातले पार्ट लावायचे आणि स्क्रू आवळायला विसरायचे!

आप्पांच्या घरी वैनी एकदा मला म्हणाल्या, "अक्का, ह्यांचं हेलिकॉप्टर तुम्हीच का नाही नीट करून देत? लोक दारू पिऊन घर बुडवतात. आमचे हे दुसऱ्यांना पाणी पाजून बुडवायलेत!"

* * *

गावाबाहेरचं तळं आटलं तसं आम्हाला मैदान मिळालं. आनंद मानावा अशी गोष्ट नव्हती, पण जागा होती खरी: भुई सपाट, झाड नाही, विजेची तार नाही.

एकदा तिथं मी माझं हेलिकॉप्टर चांगलं उंचावर स्थिर धरलं होतं. पलीकडच्या गावातून माणसं पळत येताना दिसली. बाया, पोरं, काठ्या टेकत म्हातारे. माणसं दिसताच रिमोट आप्पांकडं गेला, हे सांगायला नकोच.

पुढचा माणूस धापा टाकत आला. हातात वाळून कोळ झालेली सोयाबीनची झाडं. हेलिकॉप्टरकडं बघत त्यानं ती डोक्यावर धरली.

"साहेब, हे बघा! दाणा भरला न्हाई!"

दुष्काळाच्या पाहणीचं हेलिकॉप्टर येणार अशी गावात बोलवा होती. आवाज ऐकला आणि निघाले. आप्पांनी घाईघाईनं हेलिकॉप्टर त्याच्या पुढ्यात उतरवलं. तो वाकून बघायला लागला. साहेब मावेल एवढी जागा आत नव्हती.

आम्हाला वाटलं, आता शिव्या बसणार. बशीरभाई हात जोडून म्हणाले, "माफ करा भाऊ, हे आमचं हौसेचं आहे."

माणूस झाडं खाली ठेवून बसला. म्हणाला, "असू द्या. मागं मोठं आलतं, ते वरूनच बघून गेलं. ह्ये निदान खाली तरी उतरलं."

त्या दिवशी कुणी परत उडवलं नाही.

* * *

हेलिकॉप्टरची दोन्ही पाती एकाच पातळीत फिरली पाहिजेत. एक वर, एक खाली असलं की सगळं अंग हलतं. ती जुळवणं म्हणजे ट्रॅकिंग. कुठलं खाली आहे ते कळावं म्हणून पात्यांच्या टोकांना दोन रंगांच्या पट्ट्या लावतात. त्या दिवशी पट्ट्या संपलेल्या. मी म्हटलं, अडलंय कुठं? पिशवीतनं कुंकू काढलं, हळद काढली, दोन्ही पाण्यात कालवलं. एका टोकाला कुंकू, एका टोकाला हळद.

आप्पांनी मनोभावे हात जोडले. "पूजा करून उडवायचं? चांगलं केलंत अक्का!"

"पूजा नाही, ट्रॅकिंग! आणि जरा लांब व्हा."

आप्पा लांब झाले, पण सरळ समोर. गंगाधरनं हेलिकॉप्टर छातीएवढ्या उंचीवर धरलं. ओलं कुंकू आणि ओली हळद, वर तो फेरा. व्हायचं ते झालं! आप्पांच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर ह्या खिशापासून त्या बाहीपर्यंत एक लाल रेघ उमटली, आणि तिच्याखाली दोन बोटांवर एक पिवळी.

मी चष्मा सावरून जवळ गेले.

"हलू नका आप्पा!"

"का? काय लागलंय?"

"हळदीचं पातं दोन बोटं खाली चालतंय."

मी तिथंच त्या पात्याची दांडी अर्धा आटा फिरवली. गंगाधरनं पुन्हा उडवलं. ह्या वेळी एकच रेघ उमटली, केशरी! आजवर इतकं चोख ट्रॅकिंग आमच्यात कुणाचं झालेलं नाही. सदरा आप्पांनी घरी कसा समजावून सांगितला, ते मी विचारलं नाही.

* * *

हाताचं मी मनावर घेतलं. थरथर औषधानं जाईना, तेव्हा म्हटलं, हात सुधारत नाही तर हेलिकॉप्टर सुधारू. रिमोटमध्ये एक सेटिंग असतं, एक्स्पो. ते वाढवलं की काडी मधल्यामध्ये थोडी हलली तरी हेलिकॉप्टर तिकडं लक्षच देत नाही. मनापासून ढकलली तरच ऐकतं. आमचे मालक अगदी असेच होते!

पंधरवडाभर रोज थोडं थोडं बदलत मी ते माझ्या हाताला बसवलं. मग एक दिवस तळ्यात उभी राहिले आणि हेलिकॉप्टर डोळ्यांसमोर धरलं. भिंतीवर खिळ्याला टांगल्यासारखं!

बशीरभाई बघत राहिले. "अक्का, हात तर हलतोय तुमचा."

"हलू द्या की. त्याला कुठं कळतंय?"

आप्पांनी रिमोट मागितला, दोन्ही काड्या इकडं तिकडं करून पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं. "लई मंद हाय हे. म्हाताऱ्या बैलासारखं."

"बैल ओळखीच्या माणसाचं ऐकतो, आप्पा!"

* * *

त्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात उदगीरकडं नवीन जिल्ह्याची हवा जोरात होती. आज होणार, उद्या होणार. आप्पांची सासुरवाडी तिथली. तिथल्या व्यापाऱ्यांनी जिल्हा मागायला मोठा कार्यक्रम ठेवला: मंडपासमोर रांगोळीनं काढलेला होणाऱ्या जिल्ह्याचा नकाशा, तालुक्याला एक रंग, आणि त्यावर हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी. खरं हेलिकॉप्टर त्यांना झेपेना. म्हणून आमचं!

फुलांचं वजन उचलेल असं एकच होतं, ते माझं. मी त्याच्या पोटाखाली बटण दाबलं की उघडणारा ट्रे बसवला, तोल पुन्हा जुळवला, आणि सांगितलं, "उडवणार मी."

आप्पा म्हणाले, "अक्का, तिथं स्टेज हाय, पाहुणे हायत, माझी सासुरवाडी हाय. हेलिकॉप्टर तुमचं, हात माझा."

मी बशीरभाईंकडं पाहिलं. ते बॅटरीकडं बघायला लागले. गंगाधर आभाळाकडं.

"बरं," मी म्हटलं. "सेटिंग माझ्या हाताचं आहे. बदलून देऊ?"

"काडी ती काडी, अक्का."

"आणि फुलं उंचावरून टाका. खाली आणलंत तर पात्यांचा वारा रांगोळीला लागेल."

"आता मला शिकवता का?"

मी गप्प बसले. माझ्या ओळखीच्यांना विचारा, हे किती अवघड गेलं असेल.

कार्यक्रमाला माणूस मावेना. माईकवाल्यानं आवाज चढवला, "आता आकाशातून पुष्पवृष्टी!" आप्पांनी हेलिकॉप्टर उचललं, नकाशावर आणलं. इथवर झकास. पण फुलं बरोबर मधोमध पडावीत म्हणून त्यांनी ते खाली घ्यायला काडी जरा ओढली. हेलिकॉप्टर ऐकेना. आणखी ओढली. ऐकेना. मग ओढली ती जोरात! हेलिकॉप्टर दाणकन कंबरेएवढ्या उंचीवर आलं, आणि जिल्हा उडाला.

देवणीचा गुलाबी जळकोटच्या हिरव्यात गेला. सीमा तर पहिल्या झोतातच पुसली. अर्धा तालुका पाहुण्यांच्या धोतरावर बसला! लोक डोळे चोळत उठले. तेवढ्यात मागून एक गडी हात नाचवत पुढं आला.

"थांबवू नका! आमचं गाव नकाशाच्या भाईर होतं. आता आत यायलंय!"

आप्पांना घाम फुटला. हेलिकॉप्टर कधी स्टेजकडं झुके, कधी लोकांकडं.

"अक्का, धरा! धरा लवकर!"

मी पदर खोचला आणि हाताची घडी घातली. "हात कुणाचा?"

"अक्का, मस्करी करू नका, पडायलंय ते!"

"मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं."

माईकवाल्याला काय कळलं कुणास ठाऊक, त्यानं माईक आप्पांच्या तोंडाशी धरला. आणि उदगीरच्या साऱ्या मैदानानं ऐकलं:

"अक्काचा! हात अक्काचा!"

मी रिमोट घेतला. हेलिकॉप्टर आधी उंच नेलं, मग एका जागी उभं केलं. फुलं अजून ट्रेमध्येच होती. पाहुणे माना वर करून वाट बघत होते.

मंडपाच्या मागं टँकर उभा होता. बायांची रांग घागरी घेऊन उन्हात ताटकळलेली. कार्यक्रमाला त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. हेलिकॉप्टर स्टेज ओलांडून तिकडं गेलं. ट्रे उघडला. सगळा झेंडू त्या रांगेवर पडला, एक पाकळी मागं राहिली नाही.

रांगेतल्या एकीनं घागरीतली फुलं झटकली आणि वर बघून ओरडली, "फुलं काय टाकायलास रे मेल्या? पाणी टाक की!"

मी हेलिकॉप्टर परत आणलं. मंडपाच्या कडेला आप्पांनी चपला काढून ठेवलेल्या. त्यातल्या एका चपलेवर उतरवलं: हेलिकॉप्टरचा एक पाय इकडं, एक तिकडं, मधे चप्पल, चपलेला धक्का नाही.

आप्पा रुमालानं तोंड पुसत जवळ आले. हळूच म्हणाले, "अक्का, खरं सांगा. फुलं टाकताना हात थरथरला ना?"

मी चपलेकडं पाहिलं, मग आप्पांकडं.

"लई थरथरला, आप्पा!"