मिरचीचा धूर

ब्याडगीच्या मिरची बाजारात देठ खुडून खुडून रुद्रव्वाची बोटं कायमची लाल झाली होती, आणि जीभ त्याहून तिखट. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या जावेशी, गिरिजव्वाशी, तिचं नऊ वर्षं हाडवैर होतं. कारण काय, तर अंगणातली मोरी. दोघीही विधवा, दोघींनाही मूल नाही. भांडायला एकमेकींशिवाय दुसरं कोण होतं?

त्या दिवशी मोरीचं पाणी रुद्रव्वाच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत शिरलं. ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "आग लागो तुझ्या घराला!"

"आधी तुझ्या तोंडाला लागू दे!" गिरिजव्वानं धाडकन दार लावून घेतलं.

दुपारी रुद्रव्वा भाकरी थापत होती. एकाएकी घसा खवखवला, डोळ्यांतून पाणी आलं. बाहेर येऊन पाहते तर जावेच्या खोलीतून तिखटजाळ धूर. पंख्याची तार जळाली होती आणि ठिणगी पडली होती खोलीत रचलेल्या मिरचीच्या पोत्यांवर. गल्ली गोळा झालेली, पण धुरात कुणाला पुढे जाववेना. हातगाडीवाला मौलासाब दोनदा आत गेला आणि खोकत, ओकत माघारी आला.

"गिरिजव्वा आतच आहे," तो कसाबसा म्हणाला.

सकाळी शब्द तोंडातून गेला आणि दुपारी हे! पिठाचे हात तसेच धरून रुद्रव्वा उभी राहिली. "मीच म्हटलं... माझ्या तोंडानं..." एवढंच पुटपुटत राहिली. मग कुणाला कळायच्या आत तिनं पदर हौदात बुडवला, तोंडाला गुंडाळला आणि आत घुसली.

बाहेर आली ती जावेला काखेत धरून फरफटत. तिचा स्वतःचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता, पण ते तिला सरकारी दवाखान्यात नर्सनं सांगितलं तेव्हा कळलं.

गिरिजव्वा तिसऱ्या दिवशी बोलली. रुद्रव्वा खाटेशेजारी जमिनीवर बसलेली. दोन दिवस अन्नाचा कण पोटात नव्हता.

"गिरिजा, मीच शाप दिला गं."

"रोजच देतेस. मी पण देते." धुरानं गिरिजव्वाचा आवाज पार बसला होता. "असं खरं होत असतं तर तू कधीच मेली असतीस, अक्का."

नऊ वर्षांत पहिल्यांदा 'अक्का'! रुद्रव्वाला हुंदका फुटला.

"रडू नकोस. नऊ वर्षांनी माझ्या घरात पाय ठेवलास, तोही चपला घालून."

शेजारच्या खाटेवरची बाई दचकून बघू लागली, कारण दोघीही हसत होत्या आणि हसता हसता खोकून बेजार होत होत्या.

जळक्या खोलीवर नवं छप्पर चढेपर्यंत गिरिजव्वा रुद्रव्वाकडेच राहिली. गिरिजव्वाचे भाजलेले हात वर होत नव्हते, म्हणून स्वतःचा भाजका हात सावरत वेणी रुद्रव्वा घालायची, आणि जोरात ओढते म्हणून शिव्याही खायची. गल्लीला वाटलं होतं, आता तरी या दोघी गप्प बसतील. कुठलं काय! फक्त भांडण रंगात आलं, की रुद्रव्वा मध्येच थांबायची, स्वतःच्या तोंडावर हात ठेवायची आणि जरा वेळ तशीच घाबरून बसायची.